जुन्या गाडीत दुसरे इंजिन : पान्याआधी पेन्सिल

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. टॅक्सी गेली, तरी खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र आजही अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. कुणाला वडिलांची गाडी मोडीत काढवत नाही, तर कुणी हौसेने अशी गाडी शोधून विकत घेतो. फुरसतीच्या वेळी थोडी थोडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायची, अशा या गाडीला हौशी मंडळी 'प्रोजेक्ट कार' म्हणतात. या हौसेत एक प्रश्न हमखास पुढे येतो. मूळ इंजिन थकलेले आहे, सुटे भाग सहज मिळत नाहीत, आजच्या महामार्गावर गाडी मागे पडते. मग दुसऱ्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स का बसवू नये?

प्रश्न साधा वाटतो. तथापि अशा कामात गाड्या अर्धवट अडकून पडतात, त्या बहुधा मिस्त्रीच्या हातातील कसबाच्या अभावी नव्हे, तर आधी न केलेल्या विचारामुळे. इंजिन आणून ठेवलेले असते, पण गिअरबॉक्स जुळत नाही. गिअरबॉक्स जुळतो, तर प्रॉपेलर शाफ्ट आखूड पडतो. सारे जुळून गाडी सुरू होते, तेव्हा आरटीओचे कागद आडवे येतात. म्हणून इंजिनबदलाचे खरे काम कागदावर, पेन्सिल हाती घेऊन सुरू होते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे पद्मिनीच्याच उदाहरणावरून पाहू.

कारखान्यांनीही हेच केले

इंजिनबदल ही केवळ गॅरेजमधील कल्पना नाही. भारतातील मोटार कारखान्यांनी जुन्या गाड्यांचे आयुष्य याच मार्गाने वाढवले. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८० च्या दशकात आली, तेव्हा त्या भारदस्त देहात १४८९ सीसीचे जुन्या ब्रिटिश रचनेचे इंजिन होते. ते अपुरे पडल्याने पुढे तिला इसुझूच्या तंत्रज्ञानाचे सुमारे १८०० सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गतींचा गिअरबॉक्स देण्यात आला. हीच जोडी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ॲम्बेसिडरमध्ये आली आणि '१८०० आयएसझेड' हे मॉडेल जन्मास आले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन बसवून '११८ एनई' बाजारात आणली. इतकेच नव्हे, तर उत्पादनाच्या अखेरच्या काळात काही पद्मिनींनाही याच घराण्यातील, मजल्यावर दांडा असलेला गिअरबॉक्स मिळाला.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कारखान्याने इंजिन बदलले, तेव्हा बहुतेक वेळा गिअरबॉक्सही त्याच इंजिनाचा घेतला. इंजिन आणि गिअरबॉक्स ही एक जोडी आहे, हे त्यातील मर्म. हौशी माणसाने तर ते अधिकच लक्षात ठेवावे. कारण कारखान्याजवळ असलेले आराखडे, साचे आणि चाचणीची साधने त्याच्याजवळ नसतात.

पहिला प्रश्न कायद्याचा

नियोजनाच्या कागदावर पहिली ओळ कायद्याची असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांविषयी तरतूद आहे. मूळ कायद्यानुसार नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घेऊन असे बदल करता येत. जुन्या जीपमध्ये पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवून तशी नोंद आरसी बुकात झालेली दिसते, ती त्या काळातील. २००० साली या कलमात दुरुस्ती झाली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे आता कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आरसीवर इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि घनक्षमता या नोंदी असतात. त्यामुळे १०८९ सीसीच्या पद्मिनीत १२९८ सीसीचे जिप्सीचे इंजिन बसवले, तर नोंद आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते. ही फारकत पासिंगच्या वेळी, गाडी विकताना किंवा अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा उघड होते. विमा कंपनीला न कळवलेला बदल हा दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. गाडी आपली असली, तरी तिच्या धडकेत सापडणारा माणूस परका असतो. त्याच्या भरपाईचा प्रश्न यात गुंतलेला आहे, हे विसरता येत नाही.

मग रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी कोणते मार्ग उरतात? पहिला, त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवून नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने नवा क्रमांक आरसीवर चढवणे. दुसरा, सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर चालण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे; कलम ५२ मध्येच त्याची मुभा आहे, पण तो संच त्या वाहनासाठी मंजूर झालेला हवा. तिसरा, मूळ इंजिनाचेच पूर्ण नूतनीकरण करणे. गिअरबॉक्सचा क्रमांक आरसीवर नसतो. तरीही तो बदलण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयाकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकार पुढे कुणाच्या स्मरणात राहत नाही.

खासगी आवारात किंवा मोटारक्रीडेच्या बंदिस्त मार्गावर चालवायची गाडी हा निराळा विषय आहे. तिला सार्वजनिक रस्त्यावर आणायचे नसते, म्हणून तेथे इंजिनबदलाला अधिक मोकळीक असते. अर्थात स्पर्धेच्या प्रत्येक गटाचे तांत्रिक नियम वेगळे असतात आणि ते आधी वाचावे लागतात.

आणखी एक मुद्दा हल्लीच महत्त्वाचा झाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत येते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचे. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत. आज हौसेने काढून भंगारात दिलेले मूळ इंजिन उद्या या मानाची वाट बंद करील. म्हणून गाडीचे वय पन्नाशीजवळ असेल, तर इंजिन न बदलण्याचा विचार आधी करावा.

गाडी कशासाठी हवी?

कायद्याची ओळ लिहून झाली, की दुसरी ओळ उद्देशाची. रविवारी सकाळी फेरफटका, रोजचा प्रवास, घाटातील लांब पल्ला की बंदिस्त मार्गावरील वेग? या प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या इंजिनाकडे नेते. पद्मिनीचे मूळ इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे. जिप्सी किंगचे १२९८ सीसीचे इंजिन ८० अश्वशक्तीचे, म्हणजे दुप्पट. ही दुप्पट शक्ती खरोखर लागणार आहे काय, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. महामार्गावर ८० च्या वेगाने इंजिनाचा आक्रोश कमी व्हावा, एवढीच अपेक्षा असेल, तर तिचे उत्तर इंजिनात नसून गिअरमध्ये असू शकते. ते कसे, हे पुढे पाहू.

इंजिन निवडताना त्याची मांडणी पहिल्यांदा पाहावी. पद्मिनीत इंजिन पुढे, उभ्या दिशेने बसलेले आणि शक्ती मागील चाकांना जाते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवे असते आणि गिअरबॉक्स पुढील चाके फिरवतो. तो गिअरबॉक्स येथे निरुपयोगी. त्यामुळे ११८ एनई, जिप्सी किंवा ईको यांसारख्या उभ्या इंजिनाच्या गाड्यांकडेच नजर वळते. जिप्सीच्या बाबतीत एक बारकावा आहे. तिच्या गिअरबॉक्समागे चारही चाकांना शक्ती वाटणारा ट्रान्स्फर केस असतो आणि तोही वेग घटवतो. तो काढून टाकला, की एकूण गुणोत्तर बदलते. हा हिशेब न करता बसवलेली जोडी रस्त्यावर विचित्र वागते.

गिअरचे गणित

गुणोत्तराचा हिशेब शाळकरी गणिताचा आहे. समजा, चाकाचा घेर १.८५ मीटर आहे आणि मागील डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.३ आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १३३३ मीटर. घेराने भागले, की चाक मिनिटाला ७२० फेरे घेते. त्याला ४.३ ने गुणले, की प्रॉपेलर शाफ्टचे सुमारे ३१०० फेरे येतात. चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट आणि इंजिन सारख्याच वेगाने फिरत असल्याने इंजिनाचेही फेरे तितकेच. आता पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ असलेला गिअरबॉक्स घेतला, तर त्याच वेगाला इंजिन सुमारे २४८० फेऱ्यांवर चालेल. आवाज कमी, झीज कमी, इंधनही थोडे कमी. मात्र लहान इंजिनाला चढावर तो गिअर पेलवणार नाही आणि पुन्हा चौथ्यात यावे लागेल.

हेच गणित उलट बाजूनेही करून पाहावे. सहा हजार फेरे घेणारे इंजिन याच गुणोत्तरांवर चौथ्या गिअरमध्ये ताशी दीडशे किलोमीटरच्या पलीकडचा वेग दाखवते. पद्मिनीची बॉडी, तिची पाटे आणि तिचे ब्रेक त्या वेगासाठी घडलेले नाहीत. आकडा कागदावर दिसला, की मोह आवरणे सोपे जाते.

मागील आसावर येणारा पीळही तपासावा. ७० न्यूटन-मीटर पीळ देणारे इंजिन ३.६ चा पहिला गिअर आणि ४.३ चे डिफरन्शियल यांतून आसाला सुमारे १०८४ न्यूटन-मीटर देते. इंजिन १०० न्यूटन-मीटरचे केले, की तोच आकडा १५४८ होतो. जुना आस, त्याचे दाते आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हा वाढीव भार किती काळ सोसतील, याचे उत्तर इंजिन विकत घेण्यापूर्वी हवे.

मोजमाप आणि नकली इंजिन

पद्मिनीला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नाही. बॉडी आणि सांगाडा एकच आहे. इंजिनाचे नवे माउंटिंग जिथे वेल्ड करायचे, तो पत्रा गंजलेला नाही ना, हे आधी ठोकून पाहावे. त्यानंतर मोजपट्टी घ्यावी. इंजिनाची लांबी, उंची, सम्प पुढे आहे की मागे, एक्झॉस्ट कोणत्या बाजूला निघतो, स्टिअरिंगचा दांडा त्याच्या आड येतो काय, बॉनेट बंद होईल काय, रेडिएटर आणि पंख्यात किती अंतर उरते, गिअरचा दांडा मजल्यात कुठे वर येतो, या साऱ्या नोंदी करून घ्याव्यात.

सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे आतून रिकामा केलेला निकामी ब्लॉक आणि रिकामे गिअरबॉक्सचे कवच जोडून ते गाडीत बसवून पाहणे. असा पोकळ सांगाडा दोन माणसांना उचलता येतो, दहा वेळा आत-बाहेर करता येतो आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी काही बिघडत नाही. सम्पखाली जमिनीपासून पुरेशी उंची राहते ना, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळते ना, हे गाडी चाकांवर उभी असताना तपासावे. जॅकवर टांगलेली गाडी खोटे उत्तर देते.

इंजिन एका गाडीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा घ्यायचाच असेल, तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट येते. ती लेथवर बनवता येते, पण क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत असले पाहिजेत. तेथे मिलीमीटरच्या दहाव्या भागाची चूकही क्लच आणि बेअरिंग खाऊन टाकते. शिवाय क्लचप्लेटच्या दात्यांची संख्या इनपुट शाफ्टशी आणि तिचा व्यास फ्लायव्हीलशी जुळावा लागतो. जोडी एकत्र घेण्याचा आग्रह यासाठीच.

प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून संतुलित करून घ्यावा लागतो. गिअरबॉक्सच्या शेपटाचा कोन आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन परस्परांना समांतर असावा. तसे नसेल, तर विशिष्ट वेगाला सारी गाडी थरथरते आणि मालक इंजिनात दोष शोधत बसतो.

आधी थांबणे, मग धावणे

वेग वाढला, की ब्रेकवरील भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलेल्या गाडीला थांबवताना ब्रेकना सुमारे ५६ टक्के अधिक ऊर्जा जिरवावी लागते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. घाट उतरताना ते तापले, की पकड सैल होते. म्हणून शक्ती वाढवण्याच्या योजनेत ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांचे काम इंजिनाच्या आधी लिहावे. पैसे कमी पडले, तर इंजिन थांबेल. ब्रेक थांबता कामा नये.

इंजिनाचे वजनही याच ओळीत येते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड आणि अधिक थरथरणारे. पुढचा भार वाढला, की पुढील स्प्रिंग खाली बसतात, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक लावताना गाडी नाक खुपसते. जिप्सीच्या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने ही अडचण तेथे कमी भासते.

न दिसणारे काम

काब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन बसवताना सर्वाधिक वेळ वायरिंग खाते. इसीयू, क्रँकचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, किल्लीशी बांधलेली इमोबिलायझर यंत्रणा हे सारे एकाच गाडीतून, एकाच संचात मिळाले, तर वायरमनचे काम आटोक्यात राहते. तुकड्या-तुकड्यांनी जमवलेला संच इंजिन फिरवतो, पण पेटवत नाही. जुन्या पद्धतीचा पंप काब्युरेटरला अल्प दाबाने पेट्रोल देतो. इंजेक्शनला अनेक पटींनी अधिक, सामान्यतः तीन बारच्या आसपास दाब लागतो. जुन्या रबरी नळ्या त्या दाबाला फुटतात आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल पडते. त्यामुळे टाकीपासून इंजिनापर्यंतची वाहिनी नव्याने टाकण्याला पर्याय नाही.

मोठ्या इंजिनाची उष्णताही मोठी. इंजिन चाकांना जेवढी शक्ती देते, ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. दादर ते कुर्ला एवढ्या अंतरात मे महिन्यातील दुपारी गाडी खोळंबली असता जुना रेडिएटर पुरेल काय, हा प्रश्न महामार्गावरील वेगापेक्षा मोलाचा.

खरेदी, खर्च आणि क्रम

इंजिन सुटे घेण्यापेक्षा शक्य असल्यास संपूर्ण गाडी घ्यावी. अपघातात बॉडी गेलेली, पण सुरू होणारी गाडी सर्वांत बरी. इंजिनाचा आवाज ऐकता येतो, गिअर पडताना पाहता येतात आणि पेडलपासून वायरीपर्यंत सारे मिळते. सुटे इंजिन घेतल्यास विक्रेत्याची पावती, मूळ गाडीचा तपशील आणि ब्लॉकवरील क्रमांक जुळवून घ्यावा. खोडलेला क्रमांक दिसला, तर किंमत कितीही कमी असो, मागे फिरावे. चोरीच्या गाडीचे इंजिन घरात येणे म्हणजे पोलीस चौकशीला निमंत्रण होय.

खर्चाच्या यादीत इंजिनाची किंमत ही एकच ओळ असते. त्याखाली क्लच, माउंटिंग, लेथकाम, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, इंधनवाहिनी, एक्झॉस्ट, वायरिंग, ब्रेक, वाहतूक आणि मजुरी या ओळी लिहाव्यात. बेरीज झाल्यावर आणखी तृतीयांश रक्कम बाजूला ठेवावी; गंजलेला पत्रा आणि अडलेला बोल्ट कुठल्याही यादीत नसतात. हीच यादी मूळ इंजिन नव्याने बांधण्याच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावी. अनेकांचा विचार येथेच पालटतो, आणि तो पालटणे हा पराभव नव्हे.

क्रमही ठरलेला असावा. सारा संच हाती आल्याखेरीज चालती गाडी खोलू नये. आधी नकली जोडणी, मग माउंटिंग, मग ब्रेक आणि इंधनवाहिनी, त्यानंतर खऱ्या इंजिनाची कोरडी जोडणी. सारे जुळल्यावर पुन्हा सुटे करून रंग, आणि शेवटी अंतिम जोडणी. रंग आधी लावणाऱ्याला तो दोनदा लावावा लागतो. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा, आणि मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स यांना तेल लावून कोरड्या जागी जपावे. गाडीला पुन्हा मूळ रूपात आणण्याची वाट त्यामुळे खुली राहते.

जुनी गाडी जिवंत ठेवणे ही एका कारखान्याची, एका काळाची आणि कित्येकदा एका घराची स्मृती जपणे असते. ती जपताना हौस हवीच; पण हौसेला हिशेबाची जोड हवी. कायदा, उद्देश, जोडी, गुणोत्तर, ब्रेक, वायरिंग, खर्च आणि क्रम अशा आठ ओळी एका कागदावर लिहाव्यात. प्रत्येकीपुढे उत्तर लिहिता आले, तरच पाना बाहेर काढावा. एखादी ओळ रिकामी राहिली, तर ती भरेपर्यंत गाडी आहे तशी, चालती राहू द्यावी.